टब, डोण, घंगाळ

महाळुंगे
८ जून २०२४

ती. सोजरवन्सं यांस नीलाचा नमस्कार.

तुम्ही म्हणाल, हिला आज पत्र लिहायची लहर कुठून आली. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आमच्या घरात मोबाईल म्हणजे चावडी. ओंकार वाचतो, त्याचे बाबा वाचतात. हे अजून मी घरात बोललेले नाही, म्हणून कागदावर लिहिते.

वर्षालीला संस्थेत ठेवायचं माझ्या मनात आहे. चिखलीच्या बाजूला मोठ्या मुलींची एक आहे, मी जाऊन पाहून आले. तिथल्या मोनिकाताईंनी एक कागद हातात दिला. म्हणाल्या, तुमची मुलगी बोलत नाही, पण समजतं काय काय ते लिहून आणा. जेवण, झोप, संडास, आंघोळ, कशाला तुमच्या घरात कोणता शब्द आहे. बाकीचं मी लिहिलं. आंघोळीपाशी अडले.

तुमच्या आई गेल्या त्याला दिवाळीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून पोरगी अंगावर पाणी घेत नाही. सव्वीस वर्षांची बाई आहे वन्सं, अंगानं माझ्याहून दांडगी. मी ओल्या फडक्यानं पुसते. रविवारी तेवढी माझ्या मांडीवर डोकं देते, मग वाटीवाटीनं केस धुते. बाकी बाथरूमचं दार दिसलं की किंचाळते. मागच्या भाड्याच्या खोल्यांतली कंपनीतली पोरं भिंत वाजवून विचारतात, "भाभीजी, सब ठीक है?" काय सांगू त्यांना?

संस्थेत बाथटब आहे, कुणीतरी देणगी दिलेला. सगळ्या मुलींना त्यातच बसवतात. आपल्याकडेही आहेच म्हणा. जमिनीचे पैसे आले तेव्हा तुमच्या भावानं हौसेनं बसवला आणि वास्तुशांतीला गावच्या बायका रांग लावून बघायला आल्या. तुमच्या आई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "ही तर गुरांची डोण हाय. हितं म्हशीनं पानी प्यायचं का मान्सानं बसायचं?" आता त्यात कांदे असतात.

त्या शेवटपर्यंत वर्षालीला मागच्या न्हाणीतच आंघोळ घालायच्या, आणि मी त्या वेळी ह्यांच्या पहिल्या शिफ्टच्या डब्यात गुंतलेली. रविवारी डोकं धुवायला तेवढी मला हाक यायची. त्या तिला काय म्हणायच्या, कोणत्या शब्दानं ती मुकाट बसायची, मला खरंच ठाऊक नाही. तुम्ही त्यांची लेक, तुम्हाला माहीत असेल. आंघोळीला तिनं त्रास दिला तर ते ठेवून घेणार नाहीत.

नानासाहेबांना नमस्कार सांगा.

नीला

*

देहू
१७ जून २०२४

चि. सौ. नीला हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन विचारत होता, "आजी, कोर्टाचं काय लफडं आहे का?" हल्ली पत्र म्हटलं की लोकांना नोटीसच आठवते.

आधी तुझ्या कागदाचं. हयात बालवाडीत गेली माझी, शिकवल्याशिवाय राहवत नाही. बाथरूम हा शब्द आपल्या घरात तुझ्या लग्नानंतर आला. त्याआधी आत मोरी आणि मागं न्हाणी. मोरीत भांडी घासायची, हातपाय धुवायचे. पाणी बंबात तापायचं, घंगाळात उतरायचं, आणि कढत पाण्यात जे गार पाणी घालायचं त्याला विसण. वर्षालीला आई म्हणायची, "म्हशे, इसन घालू का?" म्हैस म्हणायची हे त्या कागदावर नको लिहूस, त्या शहरातल्या बायकांना शिवी वाटेल. पण माझ्या आईनं इतक्या मायेनं दुसऱ्या कुणाला काही म्हटलेलं मला आठवत नाही, मलासुद्धा नाही.

आणि हे त्यांना नीट समजावून सांग, की आंघोळ वेगळी आणि न्हाणं वेगळं. आंघोळ रोजची, अंगाची. न्हाणं डोक्यावरून. वर्षालीची आंघोळ आई घालायची आणि न्हाणं तुझं होतं. तिच्याही डोक्यात ते तसंच असणार.

टबाला शब्द हवा असेल तर डोणच लिही. पोरीनं तो ऐकलेला आहे.

आता दुसरं. आई होती तोवर तिनं पोर सांभाळली, कधी कपाळाला आठी नाही. ती गेली आणि दोन वर्षांत तुला लेक जड झाली? लोकांच्या दारात टाकायला ती काय मांजराचं पिल्लू आहे? तुझं घर भरलेलं, नवरा कमावता, पोरगा कामाला लागलेला. माझे गुडघे धड असते आणि हे अंथरुणाला खिळलेले नसते, तर मीच रिक्षा करून आले असते आणि तिला घेऊन गेले असते. रागानं लिहिते आहे, आणि राग आलेला तुला कळावा म्हणूनच लिहिते आहे.

सोजर

*

महाळुंगे
४ जुलै २०२४

ती. सोजरवन्सं यांस,

तुमचे शब्द करून पाहिले. हॉलमध्ये तुमच्या भावानं घंगाळात प्लॅस्टिकची फुलं लावून ठेवली आहेत, ती काढली, घंगाळ चिंचेनं घासलं आणि बाथरूममध्ये नेलं. गिझरचं पाणी भरलं. "म्हशे, इसन घालू का?" असं अगदी त्यांच्यासारखं म्हटलं. म्हणताना मलाच रडू आलं. वर्षाली दारापर्यंत आली. घंगाळाकडे बघून हसली, वाकून पाण्याचा वास घेतला. मला वाटलं, जमलं! मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला फसवलं, आणि पळत जाऊन पलंगाखाली शिरली. डोण म्हणून पाहिलं, न्हाणी म्हणून पाहिलं. एकाही शब्दाला ती बाहेर आली नाही.

न्हाणी तर राहिलीच नाही वन्सं. आईंचं वर्षश्राद्ध झालं आणि तिथं भाड्याच्या चार खोल्या उठल्या. आई गेल्यावर बंब कुणी पेटवलाच नव्हता, तो भंगारवाल्याला गेला.

तुम्ही रागावलात, मला वाईट वाटलं नाही. बाहेरून तसंच दिसतं. आता खरं सांगते, पण आधी बसून घ्या.

फेब्रुवारीपासून माझं पोट दुखत होतं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. घरी सांगितलं, साडीला फॉल लावायला चालले. गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सोबत कोण आहे. मी म्हटलं, मुलगी आहे बाहेर. त्या तिला आत बोलवायला उठल्या आणि दारातूनच परत फिरल्या. वर्षाली बाकावर बसून माझ्या पिशवीचा बंद चावत होती. बाईंनी मग मलाच सांगितलं. दिवाळी बघाल, म्हणाल्या.

मला मरणाची भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटते. पण रात्रंदिवस डोक्यात फिरतं ते एकच, माझ्यामागं हिला आंघोळ कोण घालणार? ओंकार भाऊ आहे, तो कशी घालणार? तिचे बाबा कसे घालणार? ती बाई आहे. उद्या सून येईल, तिनं का घालावी? जेवायला कुणीही देईल हो. अंगाला हात लावायला आपलं माणूस लागतं, नाहीतर पगार देऊन ठेवलेलं तरी. म्हणून संस्था.

नीला

*

देहू
१० जुलै २०२४

चि. नीला,

तुझं पत्र वाचून मी ह्यांच्या पलंगापाशी जाऊन बसले. ह्यांना बोलता येत नाही, पण डोळ्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, माझी जीभ झडायला हवी होती.

रोहिदासाला सांग. आठ दिवसांत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. त्याची बायको आहेस, त्याला कळायला नको?

एक आठवलं. आई पहिला तांब्या अंगावर ओतायच्या आधी तिच्या तळहातावर थोडं पाणी घालायची आणि पोर ते स्वतःच्या पोटाला फासायची. त्या बाईंना हे नक्की सांग. कदाचित शब्द नसेलच, ही खूण असेल. उमेद सोडू नकोस.

मला यायचंय, आणि मी येऊ शकत नाही. ह्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. माझी स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

सोजर

*

महाळुंगे
२२ सप्टेंबर २०२४

ती. सोजरवन्सं यांस,

अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या, पडून लिहिते आहे.

ह्यांना सांगितलं. ऐकलं आणि उठले, बाथटबमधले कांदे पोत्यात भरले, टब साबणानं घासला, लखलखीत केला आणि त्याच्या काठावर बसून हुंदके देऊन रडले. म्हणाले, "मी ह्यो टप तिच्यासाठीच बसावला व्हता. म्हातारी थकली की पोरगी आत बसंल, असं वाटलं व्हतं. बोललो न्हाई कधी." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि मी आजवर समजत होते, गावाला दाखवायला बसवलाय.

वर्षालीला संस्थेत ठेवलं होतं. ऑगस्टच्या शेवटाला नेली, गणपतीत परत आणली. मोनिकाताई बाई चांगली आहे, मी तिला बोल लावणार नाही. तळहातावर पाणी घातलं, तुमचे सगळे शब्द म्हटले. टबात बसवायला दोघी-तिघी लागायच्या. ही काठ धरून ठेवायची, नखं तुटेपर्यंत. शेवटी एका मदतनीस बाईच्या दंडाला चावली, टाके पडले. मोनिकाताई म्हणाल्या, आंघोळ न घालता किती दिवस ठेवू, बाकीच्या मुलींचे पालक बोलतात. त्यांचंही खरं आहे. परत आणली तेव्हा गाडीत तिच्या अंगाचा वास येत होता. मी तिला कुशीत घेतलं आणि मला माझ्याच लेकीच्या वासानं मळमळलं. गोळ्यांमुळे असेल. पण झालं तसं, आणि ते मला सहन होत नाही.

गेल्या रविवारी तिचं डोकं धुतलं. मांडीवर वजन पेलवत नाही आता, म्हणून जमिनीवर उशी ठेवली. तिला चाललं नाही. माझी मांडी थोपटून दाखवली. मग मांडीवरच घेतलं.

आता लिहिणं होणार नाही. तुम्ही रागावलात तेव्हा लिहिलं होतंत, मीच आले असते आणि घेऊन गेले असते. मी ते वाक्य पुन्हापुन्हा वाचते. तुमच्यावर ओझं टाकत नाही. फक्त वाचते.

नीला

*

देहू
२ डिसेंबर २०२४

मोनिकाताई यांना नमस्कार.

मी वर्षालीची आत्या. तुम्ही नीलाला एक कागद भरायला दिला होता, त्यातला आंघोळीचा रकाना तिचा चुकला होता. ती आता नाही, म्हणून मी दुरुस्त करून लिहिते.

नीला गेल्या महिन्यात गेली. सकाळी. निरोप आला तसा शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवून मी निघाले. सुवासीण गेली, म्हणून गावच्या बायका जमल्या होत्या. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी घरात तापवत नाहीत, अंगणात तीन दगडांची चूल करून तापवतात. तशी फरशीवर चूल मांडली, गोवऱ्या पेटवल्या, वर हंडा ठेवला. पाणी उतरायला भांडं हवं, तर कुणीतरी हॉलमधलं घंगाळ आणलं. नीलाला पाटावर बसवून मागून धरलं. चार जणींनी साड्या आडव्या धरून आडोसा केला. एक म्हातारी म्हणाली, "पानी लई कढत हाय, इसन घाला."

वर्षालीला आतल्या खोलीत कोंडलं होतं. ती दाराला धडका देत होती. आईसाठी आकांत करते आहे असं वाटून कुणीतरी कडी काढली.

ती धावत अंगणात आली. धूर बघितला, घंगाळ बघितलं, आणि हसली. मी तिला दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. अंगातला गाऊन तिनं ओढून काढला, साडीखालून आत शिरली आणि आईच्या शेजारी ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. तळहात पुढं केला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या उघड्या न्हाणीत तिची आजी बंबाला गोवऱ्या घालायची. मोकळ्यावर, धुरात, तिला आंघोळ असायची. गिझरच्या पाण्याला धुराचा वास नसतो, आणि फरशीच्या चार भिंतींत कोंडून अंगावर पाणी टाकणं म्हणजे तिला आंघोळ वाटतच नव्हती. आम्ही दोघी शिकलेल्या बाया, पत्रांतून शब्द शोधत बसलो. आणि अंगणात एकदा चूल पेटवायचं एकीलाही सुचलं नाही.

बायका ओरडल्या. मढ्याचं पाणी जित्या माणसाला लावत नाहीत. दोघी तिला ओढायला लागल्या. मी म्हटलं, हात लावाल तर याद राखा. मी तिच्या तळहातावर पाणी घातलं, तिनं पोटाला फासलं. मग एक तांब्या नीलावर, एक तिच्यावर, अशी मी दोघींना आंघोळ घातली. गाव काय बोलतं ते बोलो. माझा भाऊ साडीपलीकडे उभा होता, त्याला पोरीचं हसणं ऐकू येत होतं.

शेवटी नीलाच्या डोक्यावरून पाणी घातलं. मग तांब्या वर्षालीच्या डोक्यावर नेला, तर तिनं मान बाजूला घेतली. तिनं आईचा हात उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून वाट बघत बसली. हात घसरायचा. ती परत ठेवायची.

इतकंच सांगायचं होतं. कागदावर लिहा, टब नको, बाथरूम नको. मोकळी जागा, चुलीवरचं पाणी, थोडा धूर. एवढं केलंत तर ती कुणाला त्रास देणार नाही. घंगाळ मी पाठवते. तिला परत घ्याल का?

आपली,
सोजर

*

चिखली
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय सोजरआत्या,

तुमचं पत्र आमच्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. जिला वर्षाली चावली होती ती सगळ्यात जास्त रडली.

पण उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते गोड करून सांगायला मला जमत नाही. आमची जागा तिसऱ्या मजल्यावर आहे, अंगण नाही. गच्चीवर विस्तव पेटवला तर सोसायटी आम्हाला त्याच दिवशी बाहेर काढेल. आमच्या तीन मुलींना आगीचं भान नाही. आणि एका मुलीसाठी रोज चूल पेटवून बसायला माझ्याकडे माणूस नाही. टबाची तिला सवय लागेलही, पण तोपर्यंत रोज हात बांधून बसवावं लागेल. काही ठिकाणी तसं करतात. नीलाताईंच्या मुलीला मी तसं करणार नाही, आणि करू शकणाऱ्या ठिकाणाचा पत्ताही तुम्हाला देणार नाही.

घंगाळ पाठवू नका. तिच्याजवळच राहू द्या.

मोनिका

*

देहू
१९ जानेवारी २०२५

मोनिकाताई यांना नमस्कार.

तुम्ही खरं लिहिलंत, बरं केलंत. वर्षालीला मी इकडे आणली आहे. रोहिदास तिला आणि घंगाळ सोडून गेला. जाताना फाटकापाशी बराच वेळ उभा होता.

मागच्या परसात चूल मांडली आहे. शेजारच्या इमारतीतले लोक धुराबद्दल ओरडतात, मला कमी ऐकू येतं हे त्यातल्या त्यात बरं. सकाळी आधी ह्यांना पलंगावर पुसून घेते, मग तिला परसात बसवते. माझं वय एकसष्ट. गुडघे धरले की तिचाच खांदा धरून उठते. मी पडले की पुढं काय, ते नीलानं शेवटपर्यंत उशाशी घेतलं, आता माझ्या उशाशी आलं. देवाचं गाव आहे हे, पण देवाकडे मागायला मला शब्द सुचत नाही.

ती आंघोळ करते. तळहात पुढं करते, हसतेसुद्धा. पण मी तांब्या वर नेला की दोन्ही हातांनी डोकं झाकून घेते. नीला गेली त्या दिवसापासून तिच्या केसांना पाणी लागलेलं नाही. केसांच्या जटा झाल्या आहेत. झोपेत कापायला गेले, तर जागी झाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की कात्री ठेवून दिली. आंघोळ झाली की ती उठत नाही. घंगाळापाशी ओल्या अंगानं बसते आणि परसाच्या दाराकडे तोंड करून स्वतःची मांडी थोपटते.

दहाव्याला आम्ही सगळे डोक्यावरून न्हालो. रोहिदास, ओंकार, मी. सगळ्यांचं सुतक फिटलं. हिचं न्हाणं राहिलंय.

सोजर